गवत की सिमेंट

कॅरव्हॅन गवतावर लावायची की सिमेंटवर, यावरून सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका डिसेंबरात आठवडाभर भांडण चाललं होतं.

माझा नवरा मरीन इंजिनियर. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी, असं कागदावर. प्रत्यक्षात कंपनीचा फोन यायचा आणि सुट्टी अर्धी टाकून तो निघायचा. लग्नानंतर आमची एकही सहल धड झाली नव्हती. या खेपेला मात्र त्याने शब्द दिला होता. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला जाणार, भाड्याची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन फिरणार.

तिथल्या कॅरव्हॅन-तळावर जागा राखून ठेवायला फोन केला, तर गवताळ हवी की पक्की, असं तिकडून विचारलं. मी पक्कीच्या बाजूने. पाऊस झाला की गवतात चाकं रुतणार, चिखल आत येणार, आणि सहलीला जाऊनही लादी पुसणार मीच!

"सिमेंटमध्ये खुंट्या कशा ठोकणार?" तो म्हणाला. "दाराबाहेर सावलीचं कापड नको का बांधायला? आणि वर्षभर मी लोखंडावरच चालतो गं. सकाळी दार उघडल्यावर पाय गवतावर पडू देत ना."

मुलगीही लगेच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ग्रास बेटर, लाह." दोन विरुद्ध एक. मी फोन करून गवताळ जागा घेतली आणि दाराशी टाकायला काथ्याचं जाडजूड पायपुसणंही आणलं. हौस बघा माझी.

शनिवारी तो केस कापून आला. अगदी बारीक, डोक्याची कातडी दिसेल इतके. बोटीवर न्हावी नसतो, म्हणून चढायच्या आधी सगळे असेच केस कापून घेतात. बोटीवरच्या माणसाच्या बायकोला हे सांगावं लागत नाही. सहलीला निघालेला माणूस असं डोकं करून घेत नाही.

मी पोळी तव्यावर तशीच सोडली. "कधी निघायचंय?"

"सोमवारी. दुसरा इंजिनियर आजारी पडला. नाही म्हणता आलं नाही."

"हे कळलं कधी?"

तो बूट काढत बसला. "झाला आठवडा."

"मग गवत गवत काय लावलं होतंस?"

"तेवढाच विषय होता बोलायला," तो म्हणाला. "नाहीतर तू रोज तोंड पाडून बसली असतीस."

मला साधी स्कूटर येत नव्हती, कॅरव्हॅन कोण चालवणार? सहल बुडाली. मी खूप बोलले, वाट्टेल ते बोलले. तरी सोमवारी तो गेलाच.

त्या संध्याकाळी मुलीला जवळ घेऊन मी समजावू लागले, की पप्पांना अचानक जावं लागलं, आपण पुन्हा कधीतरी जाऊ. ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "आय नो ऑलरेडी, लाह. पापा टोल्ड मी लास्ट वीक. ही सेड डोन्ट टेल यू."

म्हणजे टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो, आणि न होणाऱ्या सहलीसाठी खरंखुरं भांडत होते ती मी एकटी. बोटीवर जाणं मी पचवलं, शब्द मोडणंही पचवलं. पण माझ्यासमोर बसून माझ्यापासून लपवायला त्याने माझ्याच पोरीला शिकवलं, ते मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.