चकतीसाठी अर्धा तास

“मॅडम, अँटिबायोटिक वॉर्डातच दिलंय,” मीना सिस्टर म्हणाली.

सर्जन डॉ. पाठक हात धुऊन, गाऊन-ग्लोव्ह्ज घालून तयार होते. मी भूलतज्ज्ञ. टेबलावरच्या रुक्मिणबाईंना कमरेत भूल द्यायची, की ऑपरेशन सुरू. पण सलाईन नीट पडेना. मी त्यांचा हात हातात घेतला. मनगटाच्या वर गच्च सूज होती.

“मगा औषध दिलं तवा लई झोंबलं, माय,” त्या म्हणाल्या. “म्हटलं सुईच हाय, झोंबनारच.”

सुई शिरेतून निसटली होती. औषध रक्तात न जाता कातडीखाली साचलं होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमचं हॉस्पिटल एका सहकारी साखर कारखान्यानं काढलेलं. ऊस नसल्यानं कारखाना बंद होता. हॉस्पिटल टँकरच्या पाण्यावर चालू होतं. रुक्मिणबाई तलवाड्याच्या, तिथल्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन. चारा छावणीत ओल्या चाऱ्याचा भारा उचलताना त्यांच्या कमरेतली चकती सरकली. चकती म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. तिनं पायाची नस दाबली होती. पाऊल उचलेना, चालताना चप्पल गळून पडे.

मी दुसऱ्या हाताला सुई लावली आणि अँटिबायोटिकचा पूर्ण डोस पुन्हा दिला.

“झालं ना? द्या आता भूल,” डॉ. पाठक म्हणाले.

“सर, अर्धा तास तरी थांबू या.”

“अर्धा तास? मॅडम, मला संध्याकाळी औरंगाबादला ओपीडी आहे. औषध गेलंय ना रक्तात?”

“रक्तात गेलंय. चकतीत नाही.”

मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. औषध आजूबाजूच्या हाडातून हळूहळू झिरपत आत जातं, तेही थोडंच. म्हणून ते चिरा देण्याच्या आधी, वेळ राखून द्यायचं. डॉ. पाठकांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण घाईत माणूस ठाऊक असलेलंच आधी विसरतो. मी चकतीत जंतू शिरून पू झालेला एक पेशंट पाहिला होता. कुणी त्याच्या पलंगाला नुसतं टेकलं, तरी तो ओरडायचा.

“काय झालं?” रुक्मिणबाईंनी विचारलं.

मी त्यांना सगळं सोपं करून सांगितलं.

“म्हंजी आमच्या वस्तीवानी,” त्या म्हणाल्या. “टँकर फाट्यावर थांबतो. घरी पानी यायला टाइम लागतोच की.” मग डॉक्टरांकडे मान वळवून म्हणाल्या, “सायेब, तुमाला घाई हाय का?”

“आहे, बाई.”

“मला बी हाय. छावनीत माजी गाय व्यायला झाली हाय. पर थांबू आपन.”

डॉ. पाठक स्टुलावर बसले. ग्लोव्ह्ज कशाला लागू नयेत म्हणून हात छातीशी धरून, वर्गात गप्प बसवलेल्या मुलासारखे. मीनाला हसू आवरेना. रुक्मिणबाईंनी मात्र त्यांना गप्प बसू दिलं नाही.

“तुमच्या घरी दूध कुठलं येतं?”

“पिशवीचं.”

“अगं माय! कावून?”

अर्धा तास कसा गेला कळलं नाही. कुठल्या गायीच्या दुधाला फॅट किती लागतं, हे डॉक्टर स्वतःहून विचारू लागले होते. वेळ झाल्यावर मी भूल दिली. त्यांनी चकतीचा सरकलेला तुकडा अलगद काढला. नस मोकळी झाली. त्या दिवशी ओपीडीतल्या लोकांना ताटकळावं लागलं.

जखम कोरडी भरली. पावलात जोर यायला मात्र वेळ लागला. पुढे एकदा रुक्मिणबाई आपल्या पायांनी चालत आल्या. गाय व्यायली होती. खरवसाचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. डॉ. पाठकही तिथेच होते.

“मॅडम, खरं सांगा. तवा थांबलो त्याचा फायदा झाला का?” रुक्मिणबाईंनी विचारलं.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले. “न थांबताही कदाचित काही झालं नसतं.”

“मग कावून थांबलो?”

माझ्या आधी डॉ. पाठकच म्हणाले, “न थांबल्यानं काय झालं असतं, ते आपल्याला कधीच कळू नये म्हणून.”

आमच्या कामातलं यश असंच असतं. जो पू झालाच नाही, तो कुणाला काढून दाखवता येत नाही.