दगूबाईची उकल

दगूबाईच्या दहाव्याला मी बोललो नाही. चार टाळकी दिसली की भाषण ठोकणारा माणूस मी. त्या दिवशी गोमाईच्या काठावर तोंड मिटून उभा राहिलो. लोकांना वाटलं, भाऊंना फार दुःख झालंय. दुःख होतंच, पण तोंड लाजेनं मिटलं होतं.

शहाद्याला सुगनचंद शेटच्या ओसरीवर आम्ही वाचनालय चालवायचो. एक कपाट, दोन वर्तमानपत्रं, एक जाजम. मी शाळेत गेलेलो नाही. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलो, आणि त्याचा मला भारी तोरा. "वाचायचा हक्क सगळ्यांचा!" असं भर बाजारात ओरडायचो. जाजमावर मात्र एकही बाई नव्हती. कुणी विचारलंच नाही, असं मी सांगत असे.

दगूबाईनं विचारलं होतं. ती डोंगराकडून मोळी आणायची, पायरीला टेकवायची आणि घाम वाळेपर्यंत मी मोठ्यानं वाचायचो ते ऐकायची. नवरा गेलेला, लेकी सासरी. अक्षर एक येत नव्हतं, पण लग्नात वऱ्हाडाला कोडी घालायला तिला पार कळसाडी गावापर्यंत बोलावणं असायचं. आमच्याकडची रीत अशी, की नुसतं उत्तर चालत नाही. भरल्या मांडवात उकल करून दाखवावी लागते. नाही जमली तर उत्तर फुकट, वर हसं.

अडतीस साली धुळ्याच्या एका साप्ताहिकात शब्दकोडं येऊ लागलं. बरोबर सोडवणाऱ्यांची नावं छापत. मी तोऱ्यात जाहीर केलं, "ज्याचं नाव छापून येईल तो आपला सभासद. वर्गणी नाही. थेट जाजमावर!"

"बाईमाणूस बी का, भाऊ?" पायरीवरून दगूबाई.

"कुणीही म्हटलं ना!"

तिनं ते मनात धरलं. मी विसरलो.

एका कोड्यात सगळं भरलं, सात आडवं अडलं. चार अक्षरी: 'मोत्यांचा पदर, पाठोपाठ प्रतिज्ञा, दोघं मिळून राख होतात.' तीन दिवस डोकं खाजवलं. आमचा चुडामण म्हणाला, "माळशपथ." मी म्हटलं, "गाढवा, पाच अक्षरं झाली." तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"सरपण शे ते, भाऊ. देखा, मोतीसना..."

माझ्या अंगाची आग झाली. तीन दिवस मी शब्दांशी झोंबतोय, आणि ही मोळी टेकवून सांगते!

"आधी नाव लिहायला शीक, बाई, मग कोडी सोडव! उचल ती मोळी, वाट अडली!"

तिनं मोळी उचलली. मी चौकोन मोजले. स, र, प, ण. उभे शब्दही जुळले. खाली नाव लिहिताना हात थांबला, नाही असं नाही. मग मनाला समजावलं: माझं नाव म्हणजे वाचनहक्काच्या चळवळीचं नाव, म्हणजे तिचंही आलंच की. भाषणं करून करून माणूस स्वतःलाही गुंडाळायला शिकतो.

नाव छापून आलं. सुगनचंद शेटनं पेढे वाटले, बाजारकरी गोळा झाले. शेट मुळात मारवाडी, गंमत्या माणूस. हसत म्हणाला, "पुढारीसाहेब, पेढे खाल्ले, आता उकल करो! सात आडवं."

मी उभा राहिलो. "सर म्हणजे... मोत्यांचा सर. आणि पण..." पुढे काही सुचेना. 'पण' हा शब्द भाषणात हजारदा वापरला असेल. त्यात प्रतिज्ञा कुठून आली, ते ठाऊक नव्हतं. सांगणारी सांगत होती, तेव्हा मीच तिला हाकललं होतं. कुणीतरी खोकलं. चुडामण छताकडे पाहू लागला.

"जनक राजानं पण करा व्हता ना," पायरीवरून दगूबाई बोलली. "जो धनुष्य उचली त्याले सीता. जात्यावरना गाणामा शे. पण म्हणजे वचन. गयामा मोतीसना सर, पुढे पण. सरपण. चुल्हामा घाला, राख." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊनीच माले समजाडं व्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! आणि मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "दगूबाई, या, जाजमावर बसा." पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.

"नही, भाऊ. मन्हं नाव कोठे छापेल शे? नेम तुम्हीच करेल शे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. ते मला येतं.

साप्ताहिकाला खुलाशाचं पत्र मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चार पावसाळे ती पायरीवरच बसली. नजर चुकवली ती तिनं नाही, मीच. पुढे बायकांना जाजम मोकळं झालं, तेव्हा पहिली आली तिची नात, सुंदरबाई. आजी पायरीवरून नातीचं वाचणं ऐकायची आणि चुकलं की हसायची.

अडतीस सालच्या त्या अंकात माझं नाव आहे, तिथे 'दगूबाई, मोळीवाली, शहादे' असं वाचावं. हे ती जिवंत असताना लिहायचं होतं.