जमुनाच्या वाटणीचा मांडा

शेंदूरजनाघाटात पार्बताबाईंचा मांडा म्हणजे नाटकातला मुख्य प्रवेश असायचा. पुरण भरलेला उंडा त्या दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायच्या आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायच्या. बघणारे श्वास रोखून बसत.

टाळ्या मात्र एकटीलाच मिळायच्या. चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारायला आणि मांडा उलटायला धाकटी जाऊ जमुना होती. चाळीस वर्षं. दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती म्हणायची, "बाई, एक मले टाकू द्या न."

"तुहा हात जड हाये, जमुने. पुढच्या साली पाहू."

जमुनाच्या डाव्या हाताचं मधलं बोट कडबा कापताना गेलं होतं. तेच कारण, असं पार्बताबाई स्वतःलाही सांगत. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाटून घ्यायच्या नव्हत्या.

पौषात जमुना गेली. आता अखजी आली. वर्षभरात जो जाईल त्याच्या नावाचं पान आधी वाढायचं, त्यावर मांडा अखंडच हवा, ही घरची रीत. आणि पार्बताबाईंचे हात कापू लागले होते. पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याचं पुरण खापरावर सांडून जळालं.

"आई, तव्यावर पोळ्या करू का?" सून आरतीनं विचारलं. "काकूले काय फरक पडते?"

"पडते. तिच्या पानावर मांडाच." पार्बताबाईंनी चौथा उंडा उचलला. पुटपुटल्या, "ये व जमुने. तूच टाक आता."

डाव्या हातावरचं ओझं एकदम हलकं झालं. पलीकडून कोणीतरी कड धरली होती. वारा नव्हता, तरी त्यांच्या पदराचं टोक हललं. भरदुपारी कोपरापर्यंत गार स्पर्श चढत गेला. मांडा फिरला, वाढला, खापरावर बसला. अखंड.

आरतीनं तो पानावर ठेवला आणि वाकून पाहिलं. कडेला जाडसर भागात बोटं उमटली होती. "आई, हे मधलं बोट कावून नाही उमटलं?"

पार्बताबाई उठल्या. पान अंगणात ठेवलं. कावळे भिंतीवर बसून राहिले, एकही खाली उतरेना. बऱ्याच वेळानं त्यांना उमगलं. करणारी आधी जेवत नसते. चव कशी झाली, हे ऐकायला ती थांबते.

त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. "कडेनं जाड झाला," सवयीनं निघून गेलं. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "पण माह्यापेक्षा गोड झाला, व."

भिंतीवरून पहिला कावळा उतरला.

स्वयंपाकघरात परतल्यावर पार्बताबाई आपल्या जागी बसल्याच नाहीत. चुलीपाशी, जमुनाच्या पाटावर बसल्या आणि पऱ्हाटी आत सारली.

"तुमी इथं बसल्या, तं मांडे टाकीन कोण?" आरती हसली.

पार्बताबाईंनी बोटानंच तिला गप्प केलं. परातीतला पाचवा उंडा हळूहळू पसरू लागला होता.