वन्समोर आल्याशिवाय उठायचं नाही

माझे बाबा आयुष्यात किती वेळा मेले, याची मोजदाद कोणाकडे नाही. तरुणपणी ते एका संगीत नाटक कंपनीत विनोदी कामं करत. त्यांचं गाजलेलं काम म्हाताऱ्या नवरदेवाचं. बाशिंग बांधून, काठी टेकत हा नवरदेव बोहल्यावर चढायचा, ‘नवाकोरा नवरा मी, दात तेवढे जुने’ हे पद म्हणायचा आणि अंतरपाट दूर होताच नवरीचं तोंड पाहून आनंदाच्या भरात जागीच मरायचा. लोक ‘वन्समोर’ ओरडले की मेलेला नवरदेव उठायचा, धोतर झटकायचा, पद पहिल्यापासून म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. वन्समोर आला नाही तर चौघांनी येऊन त्याला उचलून न्यायचं, असं नाटकात लिहिलेलं होतं. त्या चौघांना मात्र कधी स्टेजवर यावं लागलं नाही, असं बाबा मोठ्या तोऱ्यात सांगत.

कापसाचे दिवस होते ते. राळेगावकडे वेचणी सुरू झाली की नाटकवाल्यांचे पाय आपसूक इकडे वळत. जिनिंग कारखान्याच्या आवारात मांडव पडे आणि खुर्च्या संपल्या की लोक कापसाच्या गठाणींवर चढून बसत. बाबांचं मरण पाहून हसता हसता एक जण गठाणीवरून खाली पडला होता. ही गोष्ट बाबा इतक्यांदा सांगत, की तो बिचारा दर खेपेला आणखी थोड्या उंचीवरून पडे.

पुढे सिनेमा आला, कंपनी मोडली आणि बाबा कपड्यांची एक ट्रंक घेऊन गावी परतले. घरात आधीच दाटी. “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” असं म्हणत आईनं ती ट्रंक धान्याच्या कोठीवर ठेवून दिली. बाबा शिलाई मशीन चालवू लागले. पण दिवाळीनंतर गावात एक नाटक करायची रीत होती, तेव्हा ट्रंक खाली उतरे. पेटीवाला नखरे करतो म्हणून त्यांनी मलाच पेटी शिकवली. आवाज फाटला की दोष माझ्या पेटीचा, आणि बायकांच्या घोळक्यातून आई “नाचता येईना, अंगण वाकडं” म्हणे. मला ते दिवस फार आवडत. सासरी गेल्यावरही नाटकापुरती मी हटकून माहेरी यायची.

मग ती वाईट वर्षं आली. जिनिंगला कुलूप लागलं. कापूस घरात तसाच पडून राहू लागला. अशाच एका पावसाळ्यात आमच्या शेजारणीचा नवरा गेला. कसा गेला, हे त्या वर्षांत आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नसे. पस्तिशीची बाई, पदरी दोन मुली. यंदा नाटक नको, असं गावानं ठरवलं.

बाबांनी सत्तरी ओलांडली होती. ते शेजारणीच्या दारात जाऊन उभे राहिले. दिवाळीला माहेरी आलेली मी मागे होते.

“सूनबाई, तुह्या मनाले लागत असंल तर नाई करत. सांग, नाटक करू का?”

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. “करा ना जी, बुवा. मी बी येतो पाह्यले.”

बाबांना वाटलं, परवानगी मिळाली. पण विचारायला गेले हीच त्यांची चूक झाली. तिनं हो म्हटल्याचं घरोघर कळलं आणि सगळ्या गावानं हसायचं की नाही ते तिच्यावर सोपवून टाकलं.

रात्री वीज नसायची म्हणून नाटक दिवसाउजेडी, बंद जिनिंगच्या आवारात ठेवलं. ती बायकांत पुढेच बसली. बाबा काठी टेकत आले, आणि लोक बाबांकडे पाहण्याऐवजी तिच्याकडे पाहू लागले. ज्या जागी हमखास हशा यायचा, तिथं कोणी खोकलंसुद्धा नाही. दुखवट्याच्या घरातलं माणूस हसल्याशिवाय आपण कसं हसायचं? मला गावाचा राग आला आणि बाबांची कीव आली. पद संपलं. अंतरपाट सरला. बाबा मेले.

वन्समोर आला नाही.

मी पेटीचा सूर धरून ठेवला. बाबा पडूनच होते. विंगेतले चौघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते; आजवर कधी जावं लागलं नव्हतं, त्यामुळे जायचं कधी हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांची पापणी थरथरताना मला दिसत होती. त्यांना आता असंच उचलून नेतील आणि पुन्हा ते कधी ट्रंक उतरवणार नाहीत, एवढं मला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात बायकांतून तिचाच आवाज आला. “उठा ना जी, बुवा. कायले पडून राह्यले? वन्समोर!”

बाबा ताडकन उठले. इतक्या घाईनं, की बाशिंग गळ्यात आलं. ती हसली. मग सगळं आवार हसलं, महिनोन् महिने साठवून ठेवल्यासारखं. पण तिनं लगेच घाबरून पदर तोंडाला लावला. बाबांनी ते पाहिलं.

“हासली, अन् भेली,” घरी येऊन ते एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून तिच्या दारावरून जाताना ते ‘दात तेवढे जुने’ मुद्दाम बेसूर म्हणत. ती घरातून हसे, पण पदर तोंडाला लावलेलाच असे.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत अंगण भरलं होतं. त्यांना आंघोळ घालून नवं धोतर नेसवलेलं. चौघं खांदेकरी पुढे झाले, तशी ती वाट काढत माझ्याशेजारी येऊन बसली. तिचे केस पांढरे होऊ लागले होते.

“थांबा जी जरासे,” ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “ताई, वन्समोर म्हनू का?”

मी होकारार्थी मान हलवली.

तिनं म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चौघं तसेच थांबले. आम्ही सगळे खरोखरच बाबांच्या पापण्यांकडे पाहत राहिलो. आणि मग तिला हसू आलं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. त्या भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत ती हसली, आणि या वेळी पदर तिच्या तोंडाशी गेला नाही.