भासऱ्यांची कॉफी

कापसाची ती वाईट वर्षं चालू होती, तेव्हा आमच्या दिग्रसच्या घरात इटलीहून कॉफीची मशीन आली. आणली माझ्या मोठ्या दिरांनी. आमच्याकडे मोठ्या दिराला भासरे म्हणतात. भासऱ्यांची जिनिंग होती, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. जिनिंगवाल्यांच्या एका टोळक्याबरोबर ते परदेशात नवीन यंत्रं बघायला गेले. जी यंत्रं बघायला गेले होते त्यांतला एक खिळाही आणला नाही. आणली ती ही.

घरात कॉफी कुणीच पीत नव्हतं. जाऊबाई सकाळपासून चहावर असत. माझे यजमान मोठा भाऊ जे पिईल ते पीत आणि मोठा भाऊ ज्याला चांगलं म्हणेल त्याला चांगलं म्हणत. भासऱ्यांना स्वतःलाही कॉफी कडू लागायची. दूध आणि भरपूर साखर घातल्याशिवाय ती त्यांच्या घशाखाली उतरत नसे. पण मशीन स्वयंपाकघरात न ठेवता त्यांनी बैठकीत, दारातून शिरल्याबरोबर दिसेल अशी ठेवली. वरून एक छोटा दिवा लावला. देवघरातला दिवा त्या वर्षी बंद पडला होता, तो मात्र कुणी बदलला नाही.

भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. बाकीच्या रीती त्यांनी सोयीप्रमाणे सोडून दिल्या होत्या, ही तेवढी पाळली. मला काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंकडे बघत आणि म्हणत, "तिले सांग." मी समोर उभी असले तरी.

मशीन आली त्या दिवशीही ते जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, ते पुस्तक वाचून घे म्हना. ते केमिस्ट्री शिकवते न कॉलेजात."

जाऊबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं. अशी ती मशीन माझ्या गळ्यात पडली. दाखवायची त्यांनी, धुवायची मी.

खोटं कशाला सांगू, मशीन मला आवडली. जड, गुळगुळीत, आत पितळेचा बॉयलर. मागे पाण्याची टाकी, पुढे कॉफीची भुकटी दाबायचा दांडा, बाजूला वाफेची नळी. तिच्याशी नीट वागलं की ती नीट वागायची, आणि चूक केली की लगेच सांगायची. आमच्या घरात असं दुसरं कुणी नव्हतं.

दुधात वापरून झाल्यावर वाफेची नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर दूध आत वाळून बसतं. जाळी रोज धुवायची. खालचा ट्रे रिकामा करायचा. हे सगळं मी कॉलेजला जायच्या आधी करायची. पण खरी अडचण पाण्याची होती. दिग्रसचं पाणी जड. आमच्या घरातल्या नळांना, बादल्यांना, गिझरच्या कांबीला पांढरा थर चढलेला असायचाच. मशीनच्या पोटातही तो चढणार, हे कळायला पुस्तक लागत नव्हतं. कॅनचं पाणी वापरलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं. मी जाऊबाईंकरवी तसा निरोप पाठवला.

भासरे चिडले. जिनिंगच्या आवारात सासऱ्यांनी खोदलेली विहीर होती. "आपल्या विहिरीचं पानी अमृत आहे," ते म्हणाले. "मी लोकायले सांगतो की हे कॉफी आमच्या विहिरीच्या पान्याची आहे. कॅनचं पानी ओतलं तं मी काय सांगू?"

म्हणजे मशीन राहो न राहो, सांगायला काहीतरी राहिलं पाहिजे. मग मी दर काही आठवड्यांनी किराण्यातून लिंबूसत्त्व आणायची, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत भरायची, थोडं पाणी मशीनमधून सोडायची आणि बाकीचं आत मुरू द्यायची. मग पुन्हा सोडायची. सुरुवातीला पांढुरकं, चुन्याच्या निवळीसारखं पाणी येई. त्यात बारीक कण असत. हळूहळू ते स्वच्छ होत जाई. मग दोन टाक्या साध्या पाण्यानं खंगाळायच्या. मला त्या कामात समाधान वाटायचं. वर्गात फळ्यावर मी जी क्रिया लिहायची, ती इथे कपात पडताना दिसायची.

एकदा दांड्याजवळचं रबर झिजलं. भासऱ्यांनी कुणाला न विचारता जिनिंगच्या माणसाकडून मोटरपंपाचं रबर कापून बसवून घेतलं. पुढे कित्येक दिवस कॉफीला पंक्चरच्या दुकानासारखा वास येत होता. यजमानांनी एक घोट घेतला, भावाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज मस्त कडक झाली." शेवटी मीच नागपूरहून बरोबर रबर मागवून बसवलं. वास गेल्यावर भासरे जाऊबाईंना म्हणाले, "पाह्य, रबर सेट व्हाले येळ लागते."

त्या वर्षांत जिल्ह्यात बाहेरचे लोक फार येत. अभ्यास करायला, पाहणी करायला, फोटो काढायला. कापसाचं काय झालं आणि माणसांचं काय झालं, हे त्यांना जाणून घ्यायचं असे. पण उन्हाळ्यात कुणी येत नसे. दिवाळीनंतर हवा बरी झाली की गाड्या सुरू व्हायच्या. त्यांतले बरेच आमच्याकडे उतरत, कारण आमच्याकडे एसी होता आणि बसायचा संडास होता. त्यांना 'इथलं' जेवण हवं असे. जाऊबाई चुलीवर भाकरी थापत, वांगी भाजत, आणि पाहुणे भाकरीचे फोटो काढेपर्यंत ती गार होई. मग भासरे कापूस उत्पादकांच्या दुःखावर बोलत. दिवसा गाडीतला कापूस मुठीत दाबून "ओला आहे, पिवळा आहे" म्हणत भाव पाडणारा हाच माणूस संध्याकाळी बैठकीत डोळे ओले करून बोले. पाहुणे मान हलवत. आणि मग भासरे उठून मशीनकडे जात. "कॉफी घेणार? ओरिजनल इटालियन आहे. पाणी मात्र आमच्या विहिरीचं." पाहुण्यांसमोर ते 'पानी'चं 'पाणी' करत.

एका हिवाळ्यात एक प्राध्यापक आणि एक बाई उतरले होते. बाई हातमागाच्या साडीत. दोघंही सकाळी झरी जामणीकडे जायला निघाली. तिकडे जंगलात काम करणारी, पावसावर शेती करणारी माणसं आहेत, ती त्यांना भेटायची होती. दिवसभराचा प्रवास होता. घर मोकळं बघून मी सुट्टीच्या दिवशी मशीन धुवायला काढली. मशीन बऱ्याच दिवसांत आतून धुतली नव्हती, म्हणून लिंबूसत्त्व जरा जास्तच घातलं. थोडं पाणी सोडलं आणि बाकीचं मुरायला ठेवलं. जाऊबाईंना सांगितलं, "ताई, मशीनला कुणाला हात लावू देऊ नका."

पाहुणे दारव्ह्यापर्यंत गेले आणि परत आले. बाईंना धुळीनं डोकं चढलं होतं. झरी जामणीची माणसं आता फोनवर विचारू, असं प्राध्यापक म्हणाले.

त्यांना बघून भासऱ्यांना आनंद झाला. ते सरळ मशीनकडे गेले. मी आतून धावत आले.

"भाऊजी, टाकीत साधं पाणी नाही. मशीन धुवायचं पाणी आहे. थोडं थांबा, मी खंगाळून देते."

त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "तिले सांग, पाहुन्यासमोर धुन्याभांड्याच्या गोष्टी करू नोको."

"अहो, पन ते काय म्हन्ते ते तं आयका," जाऊबाई म्हणाल्या.

"मले मशीन चालवता येते."

मी यजमानांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. पेपरवरून डोळे न उचलता म्हणाले, "जाऊ दे न. काय होते एवढ्यानं."

भासऱ्यांनी बटण दाबलं. पाहुण्यांनी दूध नको म्हटलं, त्यांना काळी कॉफी पिता येत होती. प्राध्यापकांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता थुंकतील. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "वा! याला एक सुंदर आंबटपणा आहे. फळासारखा."

"संत्रं," बाई म्हणाल्या. "मला संत्र्याचा गंध येतोय. या मातीतच असेल ना ते?"

"ते आमच्या विहिरीच्या पाण्याचं आहे," भासरे म्हणाले.

हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की क्षणभर मलाच संशय आला. दोन शिकलेली माणसं मशीनचं धुवण पीत होती, आणि तिसरा माणूस त्याचं श्रेय आपल्या वडिलांच्या विहिरीला देत होता. मला हसू आलं नाही. घृणा आली. तरी मी गप्प राहिले असते. एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगायची माझी इच्छा नव्हती.

मग भासऱ्यांनी स्वतःच्या कपात गरम दूध ओतलं. दूध फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वर आल्या आणि खाली पिवळट पाणी राहिलं. बाईंनी ते पाहिलं. भासऱ्यांनी कप खाली आपटला.

"हे दूध नासकं आहे," ते जाऊबाईंवर ओरडले. "घरात पाहुने आहेत अन् तू नासकं दूध ठेवून राह्यली? एवढी अक्कल नाही तुले?"

जाऊबाई पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. सकाळीच त्यांनी ते दूध समोर उभं राहून काढून घेतलं होतं.

"दूध चांगलं आहे," मी पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "टाकीत लिंबूसत्त्व आहे. मशीनमधला क्षार काढायला मी घातलं होतं. मघाशी सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. तुम्हाला जे संत्रं लागलं ना, ते हेच."

बाईंनी कप हळूच टेबलावर ठेवला. "विषारी आहे का?"

"नाही. सरबतात घालतात ते. पण मशीनमधला बरेच दिवसांचा गाळही त्यात आहे."

प्राध्यापकांनी ओठ रुमालानं पुसले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले, "काहीतरी वेगळं आहे म्हणून."

भासरे माझ्याकडे वळले. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "तुमी आत जा."

"जाते," मी म्हणाले. "आधी टाकी रिकामी करते." आणि सगळ्यांच्या देखत टाकी काढली, मोरीत ओतली, साध्या पाण्यानं मशीन खंगाळली आणि मगच आत गेले. कपात स्वच्छ पाणी येईपर्यंत मी हलले नाही.

यजमान नंतर खोलीत आले. "एवढं बोलाची काय गरज होती?"

"तुम्ही बोलला असता तर मला बोलावं लागलं नसतं."

ते परत पेपर घेऊन बसले. तोच पेपर.

त्या दिवसापासून मी मशीनला हात लावला नाही. कुणी लाव म्हटलंही नाही. धार बारीक होत गेली, मग थेंब थेंब पडू लागले, आणि उन्हाळ्यापर्यंत काहीच येईना. नुसता पंप गुरगुरायचा. भासऱ्यांनी त्यावरही उपाय काढला. पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले की ते बटण दाबून पंप गुरगुरू देत. त्या आवाजात जाऊबाई आत बरणीतल्या तयार भुकटीची कॉफी फेटत आणि मागच्या दारानं ट्रे बाहेर येई. ती कॉफीही पाहुण्यांना आवडायची. एकानं तिला सेमिनारमधल्या कॉफीपेक्षा अस्सल म्हटलं. काही अंशी ते खरंही असेल.

पुढे आमच्या भागाची बातमी जुनी झाली. पाहुणे दुसऱ्या जिल्ह्यांकडे वळले. जिनिंग वर्षातले फार थोडे महिने चालू लागली आणि भावाभावांत वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. मशीन कुणाला, असं निघालं तेव्हा भासरे भावाला म्हणाले, "तिले देऊन टाक. तिनंच बिघडवली." यजमानांनी मान हलवली आणि मशीन उचलून आणली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती टेबलावर घेतली. मागचं झाकण काढलं. आतल्या नळ्यांना शंखासारखा कडक थर बसला होता. एवढी देखणी वस्तू एका माणसाच्या फुशारकीपायी चुन्यानं भरून गेली होती. लिंबूसत्त्वाचं पाणी भरलं, मुरू दिलं. काही झालं नाही. पुन्हा भरलं. नळ्या सुट्या काढून भिजत घातल्या. सुट्टी संपत आली, तेव्हा एका दुपारी पंपाचा आवाज बदलला आणि दोऱ्यासारखी धार आली. तिच्याबरोबर वाळूसारखा चुरा. धार जाड होईपर्यंत मी टाक्यांवर टाक्या सोडत राहिले. मग टाकीत कॅनचं पाणी भरलं.

तेवढ्यात जाऊबाई भिंतीच्या कडेनं वळसा घालून आल्या. दुपारी त्या अशा येत. मी दोन कप केले, दुधाशिवाय. त्यांनी इतकी वर्षं ही कॉफी कधी चाखलीच नव्हती. नुसती पाहुण्यांना नेऊन दिली होती.

त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे व माय. याच्यासाठी एवढा तमाशा केलता काय यायनं?"

"होय, ताई. याच्याचसाठी."

तरी त्या हळूहळू सगळी प्यायल्या. भिंतीपलीकडून भासऱ्यांनी चहासाठी हाक मारली. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं. जाऊबाईंनी ऐकलं, आणि रिकामा कप माझ्यापुढे सरकवला.