टबाच्या पाण्यावर पहारा

“स्वच्छ दिसतंय म्हणजे स्वच्छ आहे, असं कोण म्हणालं?” काकू म्हणायच्या आणि ग्लास उजेडात धरायच्या. आमच्याकडे चहाला आल्या तरी आधी वास, मग घोट. उभा जन्म एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात गेलेला. भेसळ सापडली नाही की त्यांना चुकल्यासारखं होई. अशी एखादी व्यक्ती तुमच्याही सोसायटीत असेल.

आमची सोसायटी खराडीची. पोहण्याचा तलाव आणि त्याला जोडून गरम पाण्याचा टब. तलावातलं क्लोरीन घातलेलं पाणीच एका झडपेतून टबात खेळतं राहायचं. अर्धांगवायूनंतर काकांचा, म्हणजे काकूंच्या यजमानांचा, पाय आखडला होता. टबात बसले की तेवढा वेळ सैल व्हायचा. काका हसायचे तेही तिथेच.

एका उन्हाळ्यात टबात बसणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठू लागलं. काकांच्याही पाठीवर. पाण्याला उग्र वास, डोळे चुरचुरायचे. क्लोरीन जास्त झालंय, असं सगळ्यांचं मत पडलं. मी सेक्रेटरी, मीही मान डोलावली.

“जास्त नाही, संपलंय,” काकू म्हणाल्या. “घामात मिसळून वाया गेलेल्या क्लोरीनचा वास आहे हा.” त्यांनी तपासणीचे थेंब टाकून दाखवले. कामाचं क्लोरीन असलेलं तलावाचं पाणी गुलाबी झालं, टबाचं होतं तसंच राहिलं. “अहो सेक्रेटरी, तुमच्या तलाववाल्याचं लक्षण मला पहिल्यापासून ठीक दिसत नव्हतं.”

तलाववाला शेजारच्या गावचा. शपथा घ्यायला लागला. “काकू, झडप कोन तरी बंद करतंय. मी उघडून जातो, परत येतो तर बंद हाय.”

कोणाचाच विश्वास बसला नाही. रविवारच्या सभेत त्याला काढायचं ठरलं.

शनिवारी दुपारी काकूंनी मला क्लबहाउसच्या खिडकीत बसवलं. त्याला रंगेहाथ पकडायचं होतं, आणि साक्षीदार हवा होता. तलाववाल्याने झडप उघडली आणि तो जेवायला गेला. मग काठी टेकत काका आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कसेबसे वाकले आणि झडप फिरवली.

झडप बंद केली की तलावाचं थंड पाणी येत नाही, टब छान तापतो. क्लोरीनही येत नाही, हे काकांच्या गावीही नसावं.

“काकू, मी काही पाहिलं नाही,” मी हळूच म्हणालो.

“मी पाहिलं ना.” त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

सभेत त्या उभ्या राहिल्या. “झडप आमच्या ह्यांनी बंद केली. हा माणूस खरं बोलत होता. आरोप मी केला होता, माफीही मीच मागते.” त्यांनी तलाववाल्याला हात जोडले. तो बिचारा गडबडला. “ऱ्हाऊ द्या काकू.” मागच्या खुर्चीत काका मान खाली घालून बसले होते.

पुढे काका गेले आणि काकू मुलीकडे राहायला गेल्या. त्या फ्लॅटमध्ये आता भाडेकरू आहेत.

मला आठवते ती सभेनंतर घासूनपुसून टब पुन्हा भरला त्या दिवसाची संध्याकाळ. काका यायला लाजत होते. काकूंनी दंडाला धरून आणलं, उतरवलं आणि स्वतः साडी वर खोचून पायरीवर बसल्या.

“आणखी गरम हवं होतं,” काका पुटपुटले.

“मला सांगायचं होतंत,” काकू म्हणाल्या, आणि पाण्यात हात घालून त्यांचा आखडलेला पाय चोळत राहिल्या.