कुलूप नको, अर्थिंग घाला

आमच्या बिल्डिंगमधली मावशी लोखंडाला सरळ हात लावायचीच नाही. जिन्याचा कठडा असो, टाकीचं झाकण असो की एसटीचा दांडा, आधी उलट्या हाताची बोटं टेकवायची, मग धरायची. "शॉक बसला तर हात आपसूक मागं येतो, पोरी." मी म्हणायचे, मावशी, ही तपासायची पद्धत नाही, टेस्टर कशाला असतो? "टेस्टर काय कमरेला खोचून हिंडू?"

तिला ही सवय का लागली, ते सांगते. आधी तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन बघा. सातपूरपासून पंचवटीपर्यंत कुठंही बघा, डिशचे खांब उभे असतात आणि दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची लोखंडी तार ताणलेली असते. खांब आयता मिळतो ना! त्याला अर्थिंग आहे का, हे कोण विचारतो? डिश बसवणारा खांब ठोकतो, टीव्ही दिसला की निघतो.

आमच्या गच्चीवर अशाच तारेवर मावशीनं ओली साडी टाकली आणि ती मागं फेकली गेली. कोपर फुटलं. थोडक्यात वाचली.

यावर कमिटीनं काय करावं? गच्चीला कुलूप ठोकलं आणि खाली सूचना लावली: 'महिलांनी गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत.' करंट खांबात, बंदी बायकांना!

मी आमच्या ग्राहक गटाचं अर्थिंगवरचं पत्रक घेऊन तिच्याकडे गेले. तिनं ते उलटसुलट पाहिलं. "छापलंय झ्याक. पण ह्याच्यावर साडी वाळत नाय."

दुसऱ्या सकाळी तिनं सगळं ओलं धुणं पार्किंगमध्ये चेअरमनच्या गाडीवर पसरलं. बॉनेटवर साड्या, काचेवर परकर.

चेअरमन धावत आले. "अहो मावशी, हे काय?"

"बंदी गच्चीवर हाय. गाडीवर नाय म्हणून कुठं लिवलंय?"

त्यांना कामावर जायचं होतं, पण परकराला हात कोण लावणार? रिक्षानं गेले. संध्याकाळी कुलूप निघालं आणि वायरमनला निरोप गेला.

वायरमननं खांबाला टेस्टर लावला, तो पेटला. मग त्यानं एकेका घरातला सेट-टॉप बॉक्स बंद करायला लावला. मावशीचा प्लग काढला आणि टेस्टर विझला. तिच्याच जुन्या बॉक्समधला करंट केबलनं डिशवर, डिशवरून खांबात आणि खांबातून कपड्यांच्या तारेत येत होता.

चेअरमनना उकळ्या फुटल्या. "बघा! तुमचाच निघाला!"

मावशी जराही ओशाळली नाही. "आज माझा निघाला, उद्या तुमचा निघंल. बॉक्स मी फेकते. अर्थिंग तुम्ही घाला."

घातलं. सगळे खांब जाड तांब्याच्या तारेनं जोडले, ती तार भिंतीवरून सरळ खाली आणली आणि बिल्डिंगच्या मुख्य अर्थिंगला जोडली. कपड्यांना नायलॉनची दोरी आली, तीही खांबापासून लांब. वायरमननं बजावलं, "थेट वीज पडली तर एवढ्यावर भागणार नाही. आभाळ भरलं की गडगडायच्या आधीच प्लग आणि केबल काढून ठेवा." हे मावशीनं घरोघर दारं वाजवून सांगितलं. चेअरमनचं दार जरा जास्तच वाजवलं.

पुढं ती येवल्याला लेकीकडे कायमची राहायला गेली. आता बिल्डिंगला रंग लागतोय, आणि कमिटीला नव्या रंगावर तांब्याची तार बरी दिसत नाही! काढून टाकायचं ठरलं. मी संतापून मावशीला फोन केला. म्हटलं, चेअरमनना दोन शब्द सुनावा.

"मी कशाला? मी काय आता तिथं राहते? तू हाये ना तिथं. का परत पत्रकच छापनार?"

आज सकाळी रंगाऱ्यानं शिडी लावली, पक्कड काढली. मी घरातून खुर्ची आणली आणि तारेला पाठ लावून बसले.

"जरा उठता का?" चेअरमन म्हणाले.

"नाही."

ते काही बोलणार, एवढ्यात जिन्यात खडखड झाली. पहिल्या मजल्यावरच्या काकू आपली खुर्ची घेऊन उतरत होत्या.